वाचकांचे प्रश्न : निवृत्तांची सुपर टॉप-अप आणि हप्त्यांची तुलना

आरोग्य विम्यावर या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांची अडचण एकच आहे. मूळ पॉलिसी तीन किंवा पाच लाखांची, मोठ्या आजारपणाला ती पुरणार नाही हे कळते, म्हणून वरची पूरक पॉलिसी, म्हणजे सुपर टॉप-अप, घ्यायची आहे. पण प्रत्येक कंपनीचा भाव वेगळा. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे वय ६४, यजमानांचे ६७. दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी बारा वर्षे चालू आहे. तिच्यावर १५ लाखांची सुपर टॉप-अप घ्यावी म्हणून तीन कंपन्यांचे हप्ते मागवले, तर एकीचा दुसरीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. एवढा फरक कशामुळे? स्वस्तातली घ्यावी का?
– निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : तिन्ही भाव एकाच वस्तूचे आहेत का, हे आधी पाहा. बहुतेक वेळा ते नसतात. सर्वांत आधी डिडक्टिबल बघा, म्हणजे किती रुपयांच्या वर गेल्यावर ही पॉलिसी सुरू होते तो आकडा. तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांवर विमा रक्कम ठळक दिसते, डिडक्टिबल बारीक अक्षरात. एका कंपनीचे ५ लाख आणि दुसरीचे १० लाख असेल, तर दुसरीचा हप्ता कमी दिसणारच. तुमची मूळ पॉलिसी ५ लाखांची आहे, तेव्हा १० लाखांचे डिडक्टिबल घेतले तर मधले ५ लाख तुमच्या मुदत ठेवीतून जातील. शिवाय १५ लाख हे डिडक्टिबलच्या वरचे १५ लाख आहेत, की डिडक्टिबल धरून १५ लाख, तेही लेखी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट फ्लोटरची. तुमची मूळ पॉलिसी दोघांत मिळून आहे, म्हणून वरचीही दोघांत मिळूनच घ्या. समजा वरच्या दोन वेगवेगळ्या पॉलिसी घेतल्या, प्रत्येकीचे डिडक्टिबल ५ लाख, आणि एकाच वर्षात दोघांचाही चार-चार लाखांचा खर्च झाला. मूळ पॉलिसी एकूण ५ लाख देऊन संपेल. उरले ३ लाख. पण वरच्या पॉलिसींच्या दृष्टीने तुमचा खर्च ४ लाख आणि यजमानांचा ४ लाख, म्हणजे कोणाचाच ५ लाखांच्या पुढे गेलेला नाही. त्या एक रुपयाही देणार नाहीत. हीच पॉलिसी फ्लोटर असती तर दोघांचा खर्च मिळून ८ लाख धरला गेला असता आणि ३ लाख मिळाले असते. फ्लोटरचा हप्ता मोठ्याच्या वयावर, म्हणजे ६७ वर ठरतो; तिन्ही कंपन्यांकडून भाव घेताना हेच वय दिले होते ना, ते तपासा.

तिसरी गोष्ट साताऱ्यात राहणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावी. बऱ्याच कंपन्या देशाचे विभाग पाडतात. मुंबई-ठाण्यासारख्या महाग शहरांचा हप्ता जास्त, छोट्या शहरांचा कमी. साताऱ्याच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, पण मोठ्या ऑपरेशनला तुम्ही पुण्याला किंवा मुंबईला जाणार. कमी विभागाचा हप्ता भरून वरच्या विभागात उपचार घेतले, तर काही पॉलिसींत दाव्याचा ठरावीक टक्के भाग तुम्हाला भरावा लागतो. यालाच को-पे म्हणतात. हा को-पे २० टक्के असला आणि मान्य दावा ६ लाखांचा असला, तर १ लाख २० हजार पदरचे गेले. इतकी बचत हप्त्यात व्हायला किती वर्षे लागतील, हा हिशेब मांडा आणि मग ठरवा. ज्येष्ठांसाठी म्हणून काढलेल्या काही पॉलिसींत तर विभाग कोणताही असो, प्रत्येक दाव्यावर को-पे असतो. स्वस्त हप्त्याची गोम पुष्कळदा इथेच असते.

एवढे सगळे सारखे केल्यावरही फरक उरतो आणि तो वयाच्या टप्प्यांत दडलेला असतो. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर त्या पॉलिसीचे माहितीपत्रक असते, त्याच्या शेवटच्या पानांवर वयानुसार हप्त्यांचा तक्ता असतो. एजंटाने पाठवलेला एका वर्षाचा आकडा बाजूला ठेवून हा तक्ता उघडा. तुमच्या डिडक्टिबलचा रकाना शोधा आणि ६१ ते ६५, ६६ ते ७०, ७१ ते ७५, ७६ ते ८० या टप्प्यांचे आकडे वहीत उतरवा. समजा पहिल्या कंपनीचे आकडे १०,०००, १४,०००, २२,००० आणि ३५,००० आहेत. दुसरीचे १३,०००, १६,०००, १९,००० आणि २४,०००. आज पहिली कंपनी तीन हजारांनी स्वस्त वाटते. पहिल्या पंधरा वर्षांत पहिलीला २ लाख ३० हजार जातील आणि दुसरीला २ लाख ४० हजार, म्हणजे जवळपास सारखेच. वीस वर्षांचा हिशेब केला तर पहिली ४ लाख ५ हजार आणि दुसरी ३ लाख ६० हजार. आणि ऐंशीच्या आसपास, जेव्हा पॉलिसी खरी लागते आणि दुसरी कंपनी सहजी घेत नाही, तेव्हा पहिलीचा हप्ता दर वर्षी ११ हजारांनी जास्त. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमचे तुम्ही मांडा. तुमच्या घरात वय ६७ आहे, म्हणून सुरुवात ६६ ते ७० च्या रकान्यापासून करा.

हे तक्तेही कायम राहत नाहीत, कंपन्या ते वाढवतात. मात्र ३० जानेवारी २०२५ पासून विमा नियामकाने (आयआरडीएआय) साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी सल्लामसलत करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. त्यामुळे आज पाया म्हणून जो दर तुम्ही स्वीकारता, त्याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले आहे.

शेवटचे म्हणजे, हातात आलेले जुने कोटेशन वापरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. एक आकडा त्याआधीचा आणि दुसरा नंतरचा असेल, तर तुलना तिथेच फसते.

प्रश्न : एजंट म्हणतो टॉप-अप घ्या, सुपर टॉप-अपपेक्षा स्वस्त पडते आणि दोन्ही सारखेच. खरे आहे का?
– कारखान्यातून निवृत्त, नाशिक

उत्तर : स्वस्त पडते हे खरे, सारखेच हे साफ खोटे. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला वेगळे लागते. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराचा सगळा खर्च एकत्र मोजला जातो. डिडक्टिबल ५ लाख आहे आणि वर्षात दोनदा चार-चार लाखांचे बिल झाले, तर टॉप-अप काहीच देणार नाही, सुपर टॉप-अप ३ लाख देईल. तरुण माणसाला एकच मोठा अपघात होतो. उतारवयात मात्र हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांसाठी वर्षात दोन-तीनदा दाखल व्हावे लागते. साठीनंतर साधी टॉप-अप घेऊच नये, इतके स्पष्ट आमचे मत आहे.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. बँकेच्या गट विम्याची ५ लाखांची पॉलिसी दर १ नोव्हेंबरला नव्याने सुरू होते. मी बाहेरून घेतलेली सुपर टॉप-अप (डिडक्टिबल ५ लाख) १ मार्चला सुरू होते. यंदा फेब्रुवारीत ३ लाख आणि एप्रिलमध्ये ४ लाख असा खर्च झाला. एकूण ७ लाख होऊनही सुपर टॉप-अपवाल्या कंपनीने दावा नाकारला. ही फसवणूक नव्हे का?
– निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

उत्तर : तुमचा राग समजतो, पण तुम्ही दिलेल्या तारखांवरून पाहता कंपनीचा नकार नियमात बसतो. सुपर टॉप-अप वर्षाचा खर्च एकत्र मोजते, पण ते वर्ष तिचे स्वतःचे. फेब्रुवारीतले ३ लाख तिच्या आधीच्या वर्षात गेले आणि एप्रिलचे ४ लाख नव्या वर्षात. नव्या वर्षात ५ लाखांची पातळी ओलांडलीच नाही. बँकेच्या पॉलिसीत मात्र दोन्ही खर्च एकाच वर्षात पडले, त्यामुळे ती ५ लाखांवर संपली आणि २ लाख तुमच्या अंगावर आले. दोन्ही पॉलिसींच्या तारखा वेगळ्या असल्या की असे होते. पॉलिसी विकताना हे कोणी सांगत नाही, हा दोष मोठा आहे.

पहिल्यांदा सुपर टॉप-अप घेणाऱ्यांनी ती मूळ पॉलिसीच्या तारखेलाच सुरू करावी, महिनाभर थांबावे लागले तरी. तुमची आता चालू आहे, म्हणून ती सोडून १ नोव्हेंबरपासून नवी घेण्याची घाई करू नका. नवीत आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा दावा मिळत नाही तो, पहिल्यापासून मोजला जाईल. तारीख पुढे-मागे करून मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारा. नाही म्हणाली, तर नोव्हेंबर ते ऑक्टोबर या बँकेच्या वर्षात जो खर्च मार्चच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना विभागला जाऊ शकतो, त्यासाठी दोन-तीन लाख हाताशी असू द्या.

बँकेच्या गट सुपर टॉप-अपचा पर्याय तुमच्याकडे असेल तर तिची आणि बाहेरच्या पॉलिसीची तुलना करताना लक्षात ठेवा : गट विम्यावर जीएसटी अजून आहे, वैयक्तिकवर नाही. उलट गट विम्यात बहुधा आधीच्या आजारांना प्रतीक्षा काळ नसतो आणि तारखाही जुळतात. पंचाहत्तरीच्या पुढे ज्यांना बाहेर कोणी पॉलिसी देत नाही, त्यांच्यासाठी गटाचा जास्त हप्ताही परवडतो.

प्रश्न : माझी मूळ पॉलिसी ३ लाखांची, वर २० लाखांची सुपर टॉप-अप (डिडक्टिबल ३ लाख), ती ५० लाखांची करण्याचा विचार आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनचे बिल बरोबर ३ लाख झाले. मूळ कंपनीने २ लाख २५ हजारच दिले. खोलीचे भाडे जास्त होते म्हणून ७५ हजार कापले. हे ७५ हजार सुपर टॉप-अपमधून मिळतील का?
– वाचक, ठाणे

उत्तर : मिळणार नाहीत. ही कपात कशी झाली ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या वेळी ती टाळता येते.

तुमच्या मूळ पॉलिसीत खोलीच्या भाड्याला रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये मर्यादा आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या बिलात खोली ६,००० रुपयांची आहे. पाच दिवसांचे ३० हजार झाले, त्यातले १५ हजार मिळाले. गोष्ट इथे थांबत नाही. रुग्णालये महाग खोली घेणाऱ्याला सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे इतर दरही वरच्या श्रेणीचे लावतात, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. तुमच्या बिलात या बाबी १ लाख २० हजारांच्या होत्या, त्यातले निम्मे, ६० हजार मिळाले. औषधे, तपासण्या आणि गुडघ्याचा इम्प्लांट यांना हे प्रमाण लावता येत नाही, त्यामुळे ते दीड लाख पूर्ण मिळाले. बेरीज २ लाख २५ हजार. म्हणजे कंपनीचा हिशेब बरोबर आहे.

आता वरची पॉलिसी. ती आपल्या अटींनुसार खर्च मोजते आणि त्यातून ३ लाख वजा करते. तिने तुमचे सगळे ३ लाख मान्य केले तरी वजाबाकी शून्य येते. मूळ कंपनीने किती दिले याच्याशी तिचा संबंध नाही. पहिले ३ लाख कोणीही भरोत, ती त्यावरचेच देणार. बिल डिडक्टिबलच्या आसपास असले की मूळ पॉलिसीतली कपात अशी दोन पॉलिसींच्या मधल्या खाचेत पडते. बिल ८ लाखांचे झाले असते, तर वरचे ५ लाख मिळाले असते, आणि खाली कपात होऊनही मान्य रक्कम ३ लाखांहून जास्त राहून मूळ पॉलिसीचे पूर्ण ३ लाख बहुधा मिळाले असते.

म्हणून दाखल होताना काउंटरवर ‘कॅशलेस आहे का’ (म्हणजे बिल कंपनी थेट रुग्णालयाला भरेल का) एवढेच विचारून थांबू नका. ‘माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा ३,००० आहे, त्यात कोणती खोली बसते’ असे विचारा आणि त्याच श्रेणीचे दर लावण्याची नोंद कागदावर घ्या. मर्यादेतली खोली रिकामी नसेल, तर रुग्णालयाने तसे लिहून द्यावे असा आग्रह धरा.

आणि २० लाखांची सुपर टॉप-अप ५० लाखांची करण्याचा तुमचा विचार सध्या बाजूला ठेवा. तेच पैसे मूळ पॉलिसी खोलीच्या मर्यादेविना असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसीत नेण्याकडे, म्हणजे पोर्ट करण्याकडे वळवा. निवृत्तांचे बहुसंख्य दावे पाच लाखांच्या आतलेच असतात आणि तिथे मूळ पॉलिसीच उपयोगी पडते. पोर्ट करण्याचा अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी द्यावा लागतो. पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता नव्या कंपनीत धरला जातो, वाढवलेल्या रकमेला तो नव्याने लागतो.

प्रश्न : मला दहा-बारा वर्षे मधुमेह आहे. एजंट म्हणतो, ‘फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल. पाच वर्षांनी कंपनी काही विचारू शकत नाही.’ काय करावे?
– वाचक, अहिल्यानगर

उत्तर : एजंट बदला. नियम असा आहे : सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. जाणूनबुजून मधुमेह लपवणे ही फसवणूकच आहे, असे कंपनी म्हणू शकते. आणि पाच वर्षे आजारपण थांबून राहत नाही.

लपवलेले कसे उघडकीला येते तेही सांगतो. रुग्ण दाखल झाल्यावर निवासी डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ मुलगा घाईत म्हणतो, ‘झाली असतील दहा-बारा वर्षे.’ केस पेपरवर ‘डीएम, १२ वर्षे’ असे लिहिले जाते आणि तोच कागद कंपनीकडे जातो. पॉलिसी चार वर्षांची असेल तर पुढचे सांगायला नको. याच्या उलटही होते : मधुमेह खरोखर पॉलिसीनंतर तीन वर्षांनी निघालेला असतो, पण घरचे अंदाजाने जास्त वर्षे सांगतात आणि सरळ मिळणारा दावा अडकतो. म्हणून पहिल्या निदानाचा रक्ताचा अहवाल आणि पहिली चिठ्ठी पॉलिसीच्या फायलीतच लावून ठेवा, आणि दाखल होताना तीच तारीख सांगा.

मधुमेह लिहिल्याने हप्ता कदाचित वाढेल. प्रतीक्षा काळ मात्र २०२४ पासूनच्या नियमाने जास्तीत जास्त तीन वर्षे आहे आणि काही कंपन्या तो एक-दोन वर्षांचाच ठेवतात. तुलना करताना हा कमी प्रतीक्षा काळही किमतीत धरा. ६८ व्या वर्षी पॉलिसी घेणाऱ्याला तीन वर्षांऐवजी एका वर्षात संरक्षण मिळत असेल, तर थोडा जास्त हप्ता देणे शहाणपणाचे. आणखी एक : तुमच्या मूळ पॉलिसीत मधुमेहाचा प्रतीक्षा काळ कधीच संपला असला, तरी नव्या सुपर टॉप-अपला तो लागू होत नाही. तिची वर्षे तिची वेगळी मोजली जातात.

फॉर्म स्वतः भरा. एजंटाने किंवा मुलाने ऑनलाइन भरला असेल, तर पॉलिसीसोबत येणारी त्याची प्रत ओळ न ओळ वाचा. चूक सापडली तर कंपनीला लगेच ई-मेल करा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते.

प्रश्न : वय ७२. सत्तरीपुढच्यांना ५ लाखांचे आयुष्मान कार्ड मिळाले आहे. खासगी मूळ पॉलिसी बंद करून ‘आयुष्मानचे ५ लाख आणि वर सुपर टॉप-अप’ अशी जोडी केली तर हप्ता खूप वाचेल. चालेल का?
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, कृपया असे करू नका. आयुष्मान वय वंदना कार्ड ही चांगली सोय आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता ती मिळते, आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते, आणि खासगी विमा असला तरी कार्ड काढता येते. (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असणाऱ्यांना मात्र दोन्हींतले एक निवडावे लागते. आणि घरात दोघे सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून.) पण ही योजना ठरावीक उपचारांच्या ठरलेल्या पॅकेजवर चालते आणि फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयांत. तिथे तुमच्याकडून वरचे पैसे घेतले जात नाहीत, म्हणजे सुपर टॉप-अपला करण्यासारखे काही उरत नाही. उलट योजनेबाहेरच्या रुग्णालयात गेलात, तर कार्डाचा उपयोग नाही, आणि सुपर टॉप-अपचे डिडक्टिबल पूर्ण तुमच्या खिशातून. या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीवर दुसरी रचता येत नाही.

खासगी मूळ पॉलिसीचा हप्ता खरोखर झेपत नसेल, तर कार्ड ठेवा, मूळ पॉलिसीची विमा रक्कम थोडी कमी करून घ्या, पण ती तोडू नका. सत्तरीनंतर तुटलेली पॉलिसी पुन्हा तशीच मिळत नाही. तुमच्या जिल्ह्यातली आणि कोल्हापूर-पुण्यातली कोणती रुग्णालये योजनेत आहेत, आणि त्यांत कोणत्या विभागाचे उपचार होतात, ते १४५५५ या क्रमांकावर आजच विचारून ठेवा. छातीत दुखायला लागल्यावर ही चौकशी होत नाही.

प्रश्न : मूळ आणि वरची पॉलिसी वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तर दावा कसा करायचा? एकाच कंपनीच्या घ्याव्यात का?
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वेगळ्या चालतात, पण धावपळ वाढते. हप्त्यातला फरक किरकोळ असेल तर एकाच कंपनीकडे दोन्ही ठेवणे सोपे. तिथे कॅशलेस एका पॉलिसीतून दुसरीत सहज पुढे जाते. फरक मोठा असेल तर वेगळी घ्या आणि पुढील क्रम पाळा.

दाखल होतानाच दोन्ही कंपन्यांना कळवा, बिल डिडक्टिबलच्या वर जाईल असे वाटत नसले तरीही. आधी न कळवल्यामुळे वरच्या कंपन्या दावे लांबवतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनला दोन-तीन दिवस आधी, तातडीचे असेल तर चोवीस तासांत. कळवल्याचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. मूळ पॉलिसीवर कॅशलेस घ्या. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि घरी सोडताना तीन तासांत निर्णय द्यावा असा नियम आहे. वरची रक्कम रुग्णालय दुसऱ्या कंपनीकडून कॅशलेस मिळवून देईल याची खात्री नसते. ती भरण्याची तयारी ठेवा आणि नंतर परतावा मागा.

कागद इथे फार महत्त्वाचे. मूळ कागद पहिली कंपनी ठेवून घेते. म्हणून रुग्णालयातून बाहेर पडण्याआधी डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, औषधांची बिले चिठ्ठ्यांसह आणि तपासण्यांचे अहवाल यांचे दोन संच रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी साक्षांकित करून घ्या. स्टेंट किंवा सांधा बसवला असेल तर त्याचे बिल आणि वेष्टनावरचे स्टिकर मागून घ्या. ते केस पेपरवर चिकटवलेले असते आणि नंतर मिळवताना फार त्रास होतो. पहिल्या कंपनीचा निकाल लागला की तिच्याकडून दावा निकाली काढल्याचे पत्र घ्या. त्यात कशाचे किती दिले आणि काय कापले याचा तक्ता असतो. हे पत्र आणि साक्षांकित संच, रद्द केलेला चेक, ओळखपत्र असे सगळे वरच्या कंपनीकडे पाठवा. बहुतेक पॉलिसींत ही मुदत घरी सोडल्यापासून १५ किंवा ३० दिवसांची असते. पहिल्या कंपनीचे पत्र उशिरा येणार असेल, तर मुदतीच्या आत ‘पत्र येताच पाठवतो’ असे कळवून बाकीचे कागद आधी द्या.

घरी आल्यानंतरची औषधे आणि तपासण्या यांचा खर्चही ठरावीक दिवसांपर्यंत धरला जातो, कुठे ६०, कुठे ९०. डिडक्टिबल ओलांडायला थोडेच कमी पडत असेल तर ही बिले उपयोगी ठरतात. फेकू नका.

प्रश्न : सहा महिन्यांनी खासगी कंपनीतून निवृत्त होत आहे. आतापर्यंत कंपनीचाच गट विमा होता. सुपर टॉप-अप आता घ्यावी की निवृत्तीनंतर?
– वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आताच. गट विमा चालू असताना तोच मूळ धरून सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे तिचा प्रतीक्षा काळ आजपासून सुरू होईल. निवृत्तीनंतर गट विमा संपला तरी सुपर टॉप-अप चालू राहते, फक्त डिडक्टिबलपर्यंतची सोय करावी लागते. ती करण्यासाठी नोकरी सुटण्याआधी मनुष्यबळ विभागाकडे जाऊन गट पॉलिसीच्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा. गटात काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात धरली जातात, म्हणून गटातील सर्व वर्षांचे सदस्यत्वाचे प्रमाणपत्र लेखी घ्या. शेवटच्या दिवशी ई-मेल बंद होतो आणि कागद मिळवणे अवघड होते.

वैयक्तिक मूळ पॉलिसीसाठी दर पाहताना ‘आरोग्य संजीवनी’चा दर प्रत्येक कंपनीकडे विचारा. नियामकाने १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना एकाच मसुद्याने विकायला लावलेली ही पॉलिसी आहे. अटी सारख्या, दर ज्याचा त्याचा. प्रत्येक दाव्यात ५ टक्के तुमचे आणि खोलीला विमा रकमेच्या २ टक्के, पण रोज ५,००० पर्यंत, या तिच्या मर्यादा आहेत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांना त्या कमी पडतात. घ्या किंवा न घ्या, पण कोणती कंपनी तुमच्या वयाला मुळातच महाग लावते, हे यावरून लगेच कळते.

थोडक्यात

*दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरून सवलत घ्यावी का?* (सांगली) – सवलत मिळते आणि तेवढी वर्षे दरवाढ लागत नाही. पण करवजावट त्या-त्या वर्षाच्या वाट्याइतकीच मिळते. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांना वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, रोखीने भरलेल्या हप्त्याला नाही.

*पॉलिसीची माहिती मराठीत मिळेल का?* (वर्धा) – पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक देणे १ जानेवारी २०२४ पासून नव्या नमुन्यात बंधनकारक आहे. ते स्थानिक भाषेत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. को-पे, खोलीची मर्यादा, प्रतीक्षा काळ आणि डिडक्टिबल त्यात एकाच ठिकाणी सापडतात.

*मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाणार आहोत. सुपर टॉप-अप तिथे चालेल?* (पुणे) – बहुतेक पॉलिसी फक्त भारतातल्या उपचारांना लागू असतात. प्रवास विमा वेगळा घ्या. त्या सहा महिन्यांत नूतनीकरणाची तारीख येत असेल तर निघण्याआधीच हप्ता भरा. वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. त्यात पैसे भरले तर पॉलिसी सलग धरतात, पण मधल्या दिवसांत आलेले आजारपण मात्र मिळत नाही.

*कंपनीने चुकीने दावा नाकारला तर?* (नांदेड) – आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करा आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीचे कोणते कलम दाखवले आहे, त्याची प्रत जोडा. कलम न सांगता नुसते ‘अटींनुसार’ असे लिहिले असेल, तर अर्जात तोच मुद्दा पहिला मांडा.